‘ग्रीन’ रूटची ॲटम इकॉनॉमी १६ टक्के निघाली तेव्हा: एका बीएस्सी लॅबची केस

पार्श्वभूमी

कोकणात लोटे, महाड, रोहा असे केमिकल एमआयडीसीचे जे पट्टे आहेत त्यातल्याच एकाच्या जवळचं हे कॉलेज. नाव-गाव देत नाहीये, ओळख पटेल असे बारकावेही थोडे बदललेत. युनिव्हर्सिटीला संलग्न, ऑटोनॉमस नाही, शेवटच्या वर्षाला केमिस्ट्रीची साठेक मुलं, वीस-वीसच्या तीन बॅच. मी तिथला नाही, जवळच्याच तालुक्यात शिकवतो, पण प्रॅक्टिकलच्या निमित्ताने जाणं-येणं असतं त्यामुळे हे सगळं होताना बघितलं आणि मॅडमशी (ज्यांनी तिथल्या लॅबमध्ये कमी विषारी, कमी कचऱ्याच्या ‘ग्रीन’ पद्धतीने प्रयोग करायला सुरुवात केली त्या) बरंच बोलणं झालं.

मुलांचं बॅकग्राउंड इथे महत्त्वाचं आहे. काहींचे वडील, भाऊ कंपनीत शिफ्टला, काहींच्या घरी खाडीतली मासेमारी, आणि दोघंही एकाच बेंचवर टायट्रेशन करतायत. त्यामुळे प्रदूषण हा विषय निघाला की वर्ग सरळ दोन भागांत. एका बाजूला "खाडीत आता काय मिळतंय?" आणि दुसऱ्या बाजूला "कंपनी बंद झाली तर खायचं काय?" शहरातल्या कॉलेजात ग्रीन केमिस्ट्री शिकवताना असला ताण येत नाही, तिथे सगळे एका सुरात पर्यावरण वाचवायला तयार असतात.

सिलॅबसमध्ये ग्रीन केमिस्ट्री होतीच, थिअरीत. अनास्टस आणि वॉर्नर यांनी १९९८ साली मांडलेली बारा तत्त्वं, ट्रॉस्टची १९९१ ची ॲटम इकॉनॉमी (समीकरणात घेतलेल्या सगळ्या मालाच्या वजनापैकी किती टक्के प्रॉडक्टमध्ये उतरतं), आयबुप्रोफेन या औषधाचं नेहमीचं उदाहरण (जुना सहा स्टेपचा रूट, म्हणजे बनवायचा मार्ग, साधारण ४० टक्के ॲटम इकॉनॉमीचा, नवा तीन स्टेपचा ७७ च्या आसपास). मुलं हे पाठ करायची, पेपरात लिहायची, आणि दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये येऊन ब्रोमीन-ॲसेटिक ॲसिडचा उरलेला माल नळ सोडून सिंकमध्ये ओतायची. कोणालाच त्यात काही विसंगत वाटत नव्हतं.

प्रॉब्लेम नेमका काय होता

सुरुवात तशी साधी झाली. ॲसिटॅनिलाइडचं ब्रोमिनेशन करून पॅरा-ब्रोमोॲसिटॅनिलाइड बनवायचं, हा प्रयोग महाराष्ट्रात केमिस्ट्री शिकलेल्या जवळपास प्रत्येकाने केलाय. द्रव ब्रोमीन ॲसेटिक ॲसिडमध्ये, थेंबथेंब, वर नारिंगी धूर. या लॅबमध्ये फ्युम हूड (धूर बाहेर खेचणारं कपाट) होतं पण पंखा बंद पडलेला, त्यामुळे खिडक्या उघडून काम. ब्रोमीन ५९ डिग्रीला उकळतो, कोकणातल्या मे महिन्यात बाटलीचं बूच काढलं तरी मामा (लॅब असिस्टंट, सगळे मामाच म्हणतात) तोंडाला रुमाल बांधून चार पावलं मागे जायचे. एका मुलाला खोकल्याचा जोरात ॲटॅक आला, बाहेर नेऊन बसवलं, तो ठीक झाला. पण मॅडमनी ठरवलं की हे असं पुढच्या वर्षी करायचं नाही.

आता यात तीन वेगळे प्रॉब्लेम एकमेकांत अडकलेले होते आणि सुरुवातीला कोणीच ते सुटे करून बघितले नाहीत. एक म्हणजे सेफ्टी, आत्ता इथे या खोलीत. दुसरा वेस्ट, जे सिंकमधून कुठेतरी जातंय. तिसरा शिकवण्याचा, की मुलांना बारा तत्त्वं येतात पण स्वतःच्या फ्लास्ककडे बघून "यातलं किती फुकट गेलं?" हा प्रश्न पडत नाही. पहिला प्रॉब्लेम खरं तर फ्युम हूड दुरुस्त करून बराचसा सुटला असता. मॅडमना तिसऱ्यात जास्त रस होता. एचओडी सरांना या सगळ्यात चौथीच गोष्ट दिसत होती, नॅक (कॉलेजचं मूल्यांकन) जवळ आलंय आणि त्याच्या क्रायटेरिया सातमध्ये, म्हणजे चांगल्या उपक्रमांच्या भागात, दाखवायला काहीतरी पाहिजे.

समोर कुठले पर्याय होते

डिपार्टमेंट मीटिंगमध्ये जे मांडलं गेलं ते असं.

सगळ्यात सोपं म्हणजे सर्टिफिकेट कोर्स. शनिवारी चार लेक्चर, एक पाहुणे, बॅनर, जिओटॅग फोटो. सरांचा कल इकडे होता, आणि त्यांना हसण्यात अर्थ नाही कारण नॅकच्या फाइलीची जबाबदारी त्यांच्याच डोक्यावर होती. पण त्याने लॅबमध्ये काहीच बदललं नसतं.

दुसरा पर्याय, प्रयोग तेच ठेवून फक्त स्केल कमी करायची. दोन ग्रॅमच्या जागी अर्धा ग्रॅम, टायट्रेशनला २५ एमएलच्या जागी १० एमएल पिपेट. सगळ्यात कमी ग्लॅमर आणि सगळ्यात खात्रीचा फायदा, वेस्ट थेट त्याच प्रमाणात कमी होतं, कोणाची परवानगी लागत नाही. यावर मीटिंगमध्ये फार कमी वेळ चर्चा झाली, मला वाटतं हीच मोठी गफलत.

तिसरा, प्रयोगच बदलायचा. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने ग्रीन केमिस्ट्रीच्या प्रयोगांचं एक मोनोग्राफ काढलेलं आहे, बऱ्याच कॉलेजांत त्याची प्रिंट असते. त्यात हेच ब्रोमिनेशन द्रव ब्रोमीन न वापरता पोटॅशियम ब्रोमाइड आणि सेरिक अमोनियम नायट्रेट (यापुढे नुसतं सीएएन) घेऊन पाणी-अल्कोहोलमध्ये केलंय. रूम टेंपरेचरला होतं, धूर नाही.

आणि एक चौथा पर्याय जो त्या दिवशी कोणीच मांडला नाही, की एकच प्रॉडक्ट दोन-तीन रूटने बनवून मुलांनाच तुलना करायला लावायची. तो नंतर निघाला, तोही अपघाताने.

पहिला निर्णय: सीएएन

तिसरा पर्याय घेतला. प्रॉडक्ट तेच असल्याने जर्नलमध्ये प्रयोगाचं नाव बदलायला लागत नाही, मेल्टिंग पॉइंट तोच (१६७ च्या आसपास), हे मोठं आकर्षण होतं. सीएएन महाग आहे, पण ब्रोमीनची कटकट गेली म्हणून सरांनी सही केली.

प्रयोग झक्कास झाला. नारिंगी रंग हळूहळू उडतो, पांढरे क्रिस्टल खाली बसतात, खोलीत कसलाही वास नाही. मामा तर खूषच. मॅडमनी जर्नलमध्ये शेवटी एक ओळ वाढवली होती, "दोन्ही पद्धतींची ॲटम इकॉनॉमी काढा." उद्देश सरळ होता, मुलांना दिसावं की ग्रीन पद्धत चांगली.

दुसऱ्या बॅचमधल्या एका मुलीने हिशोब आणून दाखवला आणि विचारलं, मॅडम, माझं काहीतरी चुकतंय का.

तिचं काहीही चुकत नव्हतं. जुन्या पद्धतीत ॲसिटॅनिलाइड १३५.२ आणि ब्रोमीन १५९.८, एकूण २९५, त्यातून प्रॉडक्ट २१४. म्हणजे ७२.६ टक्के, बाकीचं हायड्रोजन ब्रोमाइड. सीएएनच्या पद्धतीत ब्रोमाइडपासून ब्रोमिनेशन करायला दोन इलेक्ट्रॉन काढावे लागतात आणि सिरियम एका वेळी एकच घेतो, म्हणजे एका रेणूमागे सीएएन दोन. एका सीएएनचं वजन ५४८. तर १३५ अधिक ११९ (पोटॅशियम ब्रोमाइड) अधिक १०९६, एकूण साडेतेराशे, आणि प्रॉडक्ट तेच २१४. जेमतेम १६ टक्के. एक ग्रॅम ॲसिटॅनिलाइड ब्रोमिनेट करायला हिशोबाने आठ ग्रॅमच्या वर सीएएन लागतं आणि ते सगळं सिरियम नायट्रेट नि अमोनियम होऊन पाण्यात जातं. पुस्तकात "ग्रीन" लिहिलेला रूट बारा तत्त्वांतल्या दुसऱ्याच तत्त्वावर सपशेल नापास.

खरा निर्णयाचा क्षण

इथे मॅडमसमोर काय-काय रस्ते होते ते बघण्यासारखं आहे. ती ओळ जर्नलमधून काढून टाकता आली असती, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच ठिकाणी असंच होतं, गैरसोयीचा आकडा विचारलाच जात नाही. किंवा मग "ॲटम इकॉनॉमी कमी असली तरी हा रूट सेफ आहे" असं एका वाक्यात सांगून पुढे जाता आलं असतं, जे खोटंही नाही. किंवा सीएएन फसवं म्हणून परत ब्रोमीनकडे.

त्यांनी मुलीला फळ्यावर हिशोब मांडायला लावला आणि वर्गाला विचारलं, आता काय करायचं. स्टाफरूममध्ये यावर नाराजी झाली, "आपणच आणलेला प्रयोग आपणच मुलांसमोर पाडायचा का?" ही भीती मला समजते, कारण आपल्याकडे शिक्षकाला प्रयोग यशस्वी करून दाखवायचा असतो, त्यावर वाद घालायला वेळही नसतो नि सवयही.

वाद मात्र चांगला रंगला. कंपनीवाल्या घरातला एक मुलगा म्हणाला की सर्वात जास्त वेस्ट तर सॉल्व्हंटचं (ज्या द्रवात सगळं विरघळवतो त्याचं) आहे, आपण ते धरलंच नाही. बरोबर होतं. ॲटम इकॉनॉमी ही कागदावरची गोष्ट, फक्त समीकरण बघते, यील्ड (हिशोबाच्या मानाने प्रत्यक्षात हाती किती माल आला) आणि सॉल्व्हंट बघतच नाही. मग शेल्डनचा ई-फॅक्टर आला, १९९२ चा, म्हणजे एक किलो मालामागे किती किलो कचरा. जुन्या पद्धतीचा ढोबळ हिशोब त्यांनी असा केला: २ ग्रॅम ॲसिटॅनिलाइड, २.४ ग्रॅम ब्रोमीन, २० एमएल ॲसेटिक ॲसिड म्हणजे २१ ग्रॅम, रिक्रिस्टलायझेशनला २० एमएल अल्कोहोल म्हणजे १६ ग्रॅम. एकूण ४१ च्या वर. हातात आलं समजा २.२ ग्रॅम, ७० टक्के यील्ड धरून. म्हणजे एका ग्रॅममागे जवळपास १८ ग्रॅम कचरा, पाणी न धरता. त्या १८ मध्ये ब्रोमीनचा वाटा किरकोळ, बहुतेक सगळं ॲसेटिक ॲसिड आणि अल्कोहोल. ज्या गोष्टीवरून एवढं रामायण झालं, ती वजनाच्या हिशोबात दिसतसुद्धा नाही! आणि तरी खोकला आला तो ब्रोमीनमुळेच.

माझ्या मते अख्ख्या केसमधला सगळ्यात कामाचा तास हाच. एक आकडा सगळं सांगत नाही, वजन वेगळं आणि विषारीपणा वेगळा, हे त्यांना कोणी डिक्टेट केलं नव्हतं. खाडीवाल्या बाजूच्या एका मुलाने विचारलं की पाणी का धरायचं नाही, आमच्याकडे तर तेच सोडतात. मूळ ई-फॅक्टरमध्ये पाणी वगळतात हे खरंय, आणि का वगळतात याचं उत्तर त्याला पटलं नाही, मॅडमनीही पटवायचा हट्ट धरला नाही.

दुसरा निर्णय: एकच प्रॉडक्ट, तीन रूट

पुढच्या सेमला रचना बदलली. वीसची बॅच, गट पाडले. एका गटाला सीएएन. दुसऱ्या गटाला सोडियम ब्रोमाइड आणि सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे साधं ब्लीच, अल्कोहोल आणि थोड्या ॲसेटिक ॲसिडमध्ये बर्फात ठेवून. द्रव ब्रोमीनचा रूट करायचाच नाही, त्याचे आकडे फक्त कागदावर तुलनेसाठी. ब्लीचच्या रूटची ॲटम इकॉनॉमी ५७.५ टक्के येते (ॲसिड धरून), बायप्रॉडक्ट म्हणजे मीठ, सोडियम ॲसिटेट आणि पाणी. एका मुलाने हायड्रोजन पेरॉक्साइड आणि हायड्रोब्रोमिक ॲसिडचा रूट शोधून आणला, त्यात बायप्रॉडक्ट नुसतं पाणी, ८५ टक्क्यांच्या वर. तो मात्र कागदावरच ठेवला, कारण ते ॲसिडही अंगावर घेण्यासारखं नाही आणि फ्युम हूडचा पंखा अजून तसाच होता.

ब्लीचचा धोका मॅडमनी आधीच लिहून लावला: ॲसिडमध्ये ब्लीच भसकन ओतलं तर क्लोरीन सुटू शकतो, थेंबथेंबच टाकायचं, ब्रोमाइड आधी फ्लास्कमध्ये असलं पाहिजे, उरलेला पिवळा रंग थायोसल्फेटने मारायचा. म्हणजे हाही काही निरुपद्रवी रूट नाही.

इथे एक फार सुंदर जोडणी झाली. ब्लीच उन्हाळ्यात पडून पडून कमजोर होतं, लेबलवर काय लिहिलंय त्याला अर्थ नसतो. आणि ब्लीचिंग पावडरमधला अव्हेलेबल क्लोरीन आयोडोमेट्रीने (आयोडीनच्या टायट्रेशनने) काढायचा प्रयोग बहुतेक ठिकाणी असतोच, मुलं तो करतात, रीडिंग लिहितात, विसरतात. मॅडमनी तोच प्रयोग आधीच्या आठवड्यात ब्लीचवर घेतला, आणि आलेल्या आकड्यावरून पुढच्या आठवड्यात किती एमएल टाकायचं ते ठरवायला लावलं. ज्यांनी टायट्रेशन अंदाजपंचे केलं त्यांचं ब्रोमिनेशन अर्धवट राहिलं, माल शुद्ध नसल्याने मेल्टिंग पॉइंट खाली आला. टायट्रेशन का करायचं हे इतकं थेट मुलांना कधी कळलं नसेल.

असंच थोडंसं लॅसेनच्या टेस्टमध्येही (पदार्थ सोडियमबरोबर तापवून त्यातली मूलद्रव्यं ओळखायची टेस्ट) झालं. हॅलोजन ओळखायच्या लेयर टेस्टला कार्बन टेट्राक्लोराइड वापरायचे. ते लिव्हरला वाईट, आणि ओझोनमुळे १९९० च्या लंडन दुरुस्तीत माँट्रियल कराराच्या यादीत गेलेलं, पण कपाटात जुनी बाटली होती म्हणून चालू होतं. त्याऐवजी इथिल ॲसिटेट घेतलं तर आयोडीन जांभळा न दिसता तपकिरी दिसायला लागला, आणि मुलं ब्रोमीन लिहून मोकळी. कारण ऑक्सिजनवाल्या सॉल्व्हंटबरोबर आयोडीनची जोडी जमते आणि रंग बदलतो. सायक्लोहेक्झेनमध्ये जांभळा नीट येतो पण ते पेट घेतं, आणि शेजारच्या बेंचवर फ्युजन ट्यूब लालभडक तापवणं चाललेलं. शेवटी लेयर टेस्टसाठी खिडकीपाशी वेगळं टेबल, तिथे बर्नर नाही. एक विषारी न जळणारं काढलं तर जळणारं आलं, लॅबची मांडणीच बदलावी लागली.

एक्झामिनरचा दिवस

सगळ्यांना धास्ती होती ती याची. परीक्षेच्या स्लिपवर छापलेलं "ब्रोमिनेशन ऑफ ॲसिटॅनिलाइड". बाहेरून आलेले सर (मी नव्हे) टेबलावर बघून म्हणाले, "ब्रोमीन कुठंय?" मुलगी म्हणाली, "सर, फ्लास्कमध्येच तयार होतोय." त्यावर पुढचा अख्खा व्हायव्हा तिथेच झाला.

पण त्यांनी नंतर मांडलेला मुद्दा योग्य होता: दुसऱ्या सेंटरला मुलं ब्रोमीनने करतात, त्यांचं यील्ड जास्त येतं, मग यील्डवर मार्क देताना या मुलांवर अन्याय होईल, नाहीतर त्यांच्यावर. त्या वर्षी तडजोड अशी की यील्डपेक्षा मेल्टिंग पॉइंट आणि क्रिस्टल बघून मार्क दिले. युनिव्हर्सिटीकडे पत्र गेलंय, स्लिपवर "कोणत्याही योग्य पद्धतीने" एवढे शब्द वाढवा म्हणून. लेखी उत्तर हे लिहीपर्यंत आलेलं नाही.

इंटर्नल मार्क कॉलेजच्या हातात होते, तिथे मॅडमनी खरा बदल केला. यील्डचे मार्क कमी करून "रूट का निवडला" याच्या अर्ध्या पानाला मार्क. सुरुवातीला मुलांनी एकमेकांची अर्धी पानं छापली, अपेक्षितच होतं. मग प्रत्येक गटाला वेगळी अट दिली: तुमच्याकडे फ्युम हूड नाही, तुमचं बजेट अर्धं आहे, तुमचं सांडपाणी थेट खाडीत जातं. कॉपी बंद झाली कारण उत्तरंच वेगळी यायला लागली.

काय झालं

द्रव ब्रोमीन त्या प्रयोगातून गेला. स्केल एकदाची कमी झाली. सिंकमध्ये ओतणं पूर्ण बंद झालं असं म्हणवत नाही, पण बेंचवर लेबल लावलेले डबे आले, आणि चुकीच्या डब्यात ओतलं तर मामा ओरडतात, त्यामुळे चाललंय.

न सुटलेला प्रश्न त्या डब्यांचाच. गोळा केलेलं जाणार कुठे? घातक कचऱ्यासाठी तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे सोयी आहेत, २०१६ चे नियम आहेत, पण ती सगळी व्यवस्था टनावारी कचरा काढणाऱ्या कारखान्यांसाठी, कॉलेजच्या दोन कॅनसाठी गाडी कोण पाठवणार. ॲसिड न्यूट्रल करता येतं, अल्कोहोल डिस्टिल करून परत पहिल्या वर्षाच्या मुलांना धुण्यापुसण्याला वापरतात. सिरियमचा कॅन स्टोअरमध्ये लेबल लावून पडून आहे.

आणि मुलांना याचा नोकरीत उपयोग झाला का? इंटरव्ह्यूत कोणी बारा तत्त्वं विचारली नाहीत. प्लांटमध्ये लागलेला एकजण सांगत होता की तिथे "ग्रीन" शब्द कोणी वापरत नाही, "सॉल्व्हंट रिकव्हरी" म्हणतात आणि ती कमी आली की मॅनेजर पेटतो, कारण ते सरळ पैसे आहेत. ई-फॅक्टर त्याला तिथे परत भेटला, वेगळ्या नावाने.

वेगळं काय करता आलं असतं

माझं मत: क्रम उलटा पाहिजे होता. आधी स्केल, मग फ्युम हूडचा पंखा, आणि मग रूट बदलणं. पंखा दुरुस्त व्हायला जे झगडावं लागतं ते केमिस्ट्रीपेक्षा कंटाळवाणं आहे हे मान्य, पण रूट बदलून सेफ्टीचा प्रश्न झाकला गेला, आणि बाकीचे सगळे प्रयोग अजून त्याच खोलीत चालू आहेत.

सीएएनचा हिशोब विकत घ्यायच्या आधी कागदावर पाच मिनिटांत निघाला असता. मॅडमचं म्हणणं यावर वेगळं आहे, त्यांच्या मते आधीच निघाला असता तर तो वाद वर्गात झालाच नसता, शिक्षकांच्या मीटिंगमध्ये मिटला असता. यावर आमचं एकमत नाही.

एनर्जी कोणीच मोजली नाही. ॲसिटॅनिलाइड बनवताना ॲसेटिक अनहायड्राइडऐवजी झिंक आणि ॲसेटिक ॲसिड घेतलं की ॲटम इकॉनॉमी ६९ वरून ८८ ला जाते, बायप्रॉडक्ट फक्त पाणी, शिवाय अनहायड्राइडच्या खरेदीवर अमली पदार्थांच्या कायद्याने असलेली कटकट वाचते. पण रिफ्लक्स (वाफ थंड करून परत फ्लास्कमध्ये पाडत उकळत ठेवणं) बराच वेळ चालतो, तेवढा वेळ गॅस जळतो आणि कंडेन्सरचं पाणी नळातून वाहत राहतं, एप्रिलमध्ये, टँकर येत असताना. पुढच्या बॅचला कंडेन्सरखाली बादली ठेवून पाणी मोजायला सांगितलंय, आणि छोटा पंप लावून तेच पाणी फिरवता येईल का ते फिजिक्सवाल्यांना विचारलंय.